अठरा सेलांची डुबकी

"याचं पाणी हलत नाय, चाचा. कवाच हलत नाय," लक्ष्या म्हणाला, आणि हायड्रोमीटर धरलेला मुनाफचा हात सेलच्या तोंडाशी तसाच थांबला. बाकी जगात काही झालं नाही. जव्हारच्या पाचबत्ती नाक्यावर नाशिकची एसटी कण्हत वळली, मुनाफच्या बॅटरीच्या दुकानात दोन ट्रॅक्टरांच्या बॅटऱ्या चार्जिंगला बुडबुडत होत्या, समोरचा पानवाला कुणाला तरी शिव्या घालत होता. लक्ष्या पोशेऱ्याच्या पुढच्या पाड्यावरून वडापच्या जीपमध्ये मांडीवर एक सेल घेऊन आला होता. वीतभर रुंद, हातभर उंच, तोंडाशी पांढरी पापडी धरलेला. मुनाफनं सवयीनं टोपण काढलं, नळी आत घातली, रबरी फुगा दाबून सोडला. पाणी वर आलं आणि त्याचा जडपणा दाखवणारा नळीतला काटा बाराशेच्या जरा खाली तरंगत राहिला. "गेला," मुनाफ म्हणाला. बेचाळीस वर्षांच्या धंद्यात हा शब्द त्यानं पानाच्या पिचकारीइतक्या सहज टाकलेला. त्यावर लक्ष्यानं ते वाक्य उच्चारलं. ठाण्यात रेल्वेच्या डब्यांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो अकरा वर्षं वेल्डर होता, तिथल्या बॅटरीवाल्यांच्या पंगतीत बसून डबा खाल्लेला. त्यानं सांगितलं, ही शिशाची जात नव्हे, निकेल-कॅडमियमची. हिच्यात तेजाब नसतं, पोटॅशचं पाणी असतं, आणि पोट भरलेलं असो की रिकामं, काटा एकाच जागी उभा राहतो. "काट्यानं हिला बघायचं म्हंजे आमचा मंगळू भगत सुपात दाणे टाकून बघतो ना, तसं. बरोबर निघालं तर देवाची मर्जी." मग त्यानं खिशातून दोन वायरी लावलेला बारका बल्ब काढला आणि आदल्या रात्री घरी थोडं चार्जिंग दिलेल्या त्या सेलच्या दोन टोकांना टेकवला. वैशाखाच्या उन्हात तो उजेड दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. मुनाफला दिसला.

त्या गोष्टीला सहा महिने झाले. आता कार्तिक सरत आला होता, आणि मुनाफ तसल्याच अठरा सेलांना पाठ टेकून तीन पुरुष पाण्याखाली बसला होता. पाड्याच्या उताराला जो तलाव आहे त्याच्या पोटात, लक्ष्यानं टँकरच्या जुन्या टाकीतून कापून, वाकवून, जोडून केलेल्या पाणबुडीत. बसला म्हणजे काय, गुडघे हनुवटीला लावून दुमडला होता. एकसष्टाव्या वर्षी माणसानं खुर्चीत बसून नातवंडांना दम द्यावा, असं मदिनाचं, त्याच्या बायकोचं म्हणणं होतं. इथं तो तान्ह्या पोरासारखा लोखंडाच्या पोटात गुंडाळला होता आणि त्याला ते आवडत होतं, हे तो तिला कधीच सांगणार नव्हता. समोर जेवणाच्या ताटाएवढी जाड पारदर्शक खिडकी. तिच्यापलीकडे शेवाळी रंगाचं पाणी, आणि त्यात दिव्याचा पिवळा झोत जाईल तेवढंच जग. उजव्या हाताला तीन खटके: दिवा, मोटर, पंप. त्यांच्यावर भंगारातल्या ट्रकचे दोन मीटर, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. खाली सोडताना लक्ष्यानं बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन पाणबुडी जड केली होती. वर जायचं तर पंपानं ते पाणी बाहेर फेकायचं. पंप चालायचा तर सेल चालले पाहिजेत. बाकीचं सगळं शास्त्र या एका वाक्यात मावत होतं, आणि सेल चालतील असं सांगणारा माणूस मुनाफच होता. शेपटीला एक दोर बांधलेला होता, त्याचं टोक वर तराफ्यावर लक्ष्याच्या हातात. तीन हिसके म्हणजे ओढ. दोर आहे म्हणून मदिनानं येऊ दिलं होतं. श्वासाचा आवाज लोखंडावर आपटून परत कानात येत होता, आणि मुनाफला वाटलं, इतक्या वर्षांत आपण आपला श्वास असा कधी ऐकलाच नाही.

सेलच्या अंगावर लाल ऑइलपेंटनं आकडे घातलेले होते. दुकानात त्या दिवशी लक्ष्यानं सेल फिरवून ठेवला तेव्हा मुनाफला सात दिसला, उलट्या शेपटीचा सात. तसा सात पंचक्रोशीत एकच माणूस काढतो, तो स्वतः. मग सगळं वर आलं. एकोणतीस वर्षांपूर्वीची डोंगरातली ती आश्रमशाळा, पत्र्याच्या वसतिगृहावर बसवलेल्या सौरपाट्या, खालच्या खोलीत फळीवर मांडलेले वीस सेल. वीज तिथं पोचायला अजून दहा वर्षं होती. दिवे मिणमिणायला लागले म्हणून मुख्याध्यापकांनी जीप पाठवून मुनाफला नेलं. तो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता, मिशी काळी होती आणि हाताला यश होतं. त्यानं वीसही सेलांवर आकडे घातले. दुकानातलं फनेल घेऊन गेला होता, त्यातूनच आधी दोन सेलांत पाणी ओतलं. फनेलाला तेजाबाचा ओशट हात होता. दोन्ही सेल फसफसून वर आले. "बघा, पोटातून सडल्यात," तो म्हणाला. उरलेल्या अठरांना जनरेटर लावून दिवसभर चार्जिंग दिलं. काटा सकाळी जिथं होता तिथंच संध्याकाळी. शिशाची बॅटरी अशी वागली तर तिचा जनाजा झालाच म्हणून समजायचं. पायरीवर वसतिगृहाची पोरं ओळीनं बसून त्याचे हात बघत होती, डॉक्टर आल्यावर बघतात तशी. "गेल्या," त्यानं सांगितलं, "वीसच्या वीस." कुणी दुसऱ्याला विचारलं नाही. मुनाफनं गेल्या म्हटलं की गेल्या. जव्हारपासून मोखाड्यापर्यंत त्याच्या शब्दाची हीच किंमत होती. सेल मागच्या खोपटात गेले, आणि पोरं पुढची दहा वर्षं चिमणीच्या काजळीत पुस्तकं वाचत राहिली.

पाणबुडी हळूहळू पुढं सरकत होती. मोटर म्हणजे बसच्या रेडिएटरचा पंखा फिरवायची मोटर, तिला लक्ष्यानं पितळी पातं बसवलं होतं. ती गुरगुरायला लागली की सेलांच्या लोखंडी अंगाला बारीक कंप सुटे आणि तो मुनाफच्या पाठीतून वर जाई. व्होल्टचा काटा बावीसवर होता. झोतात एक दांडा मासा आला, थांबला, खिडकीतल्या दाढीकडे बघून वळला. त्या पायरीवरच्या ओळीत लक्ष्या होता, आठवीतला. हे त्यानं दुकानात दुसऱ्या चहाच्या वेळी सांगितलं, तेही मुनाफनं खोदून विचारल्यावर. पुस्तकात पाणबुडीचं चित्र होतं, आडवं कापून आतलं सगळं दाखवणारं, आणि तो ते बघत पडला असताना दिवा गेला. मग काही वर्षांनी त्यानं शाळाही सोडली. "दिव्यापायी?" मुनाफनं विचारलं होतं. लक्ष्या हसला. "छ्या. गणितापायी. दिवा असता तरी मी नापासच होतो, चाचा." लक्ष्या खोटं बोलत होता की खरं, हे मुनाफला आजवर कळलं नाही. पोरं तशी चाळीस-पन्नास होती. सगळ्यांचंच गणित काही कच्चं नसणार.

म्हणून मग पावसाळाभर तो त्या अठरा सेलांच्या पाठी लागला. लक्ष्यानं शाळेचं खोपट रिकामं होताना ते घरी आणून ठेवले होते आणि पाणबुडीचा सांगाडा अंगणात उभा केला होता. गावाचं म्हणणं, ठाण्याहून येताना डोकं तिथंच विसरून आला. आता त्या वेडात बॅटरीवाला सामील झाला म्हटल्यावर जव्हारलाही विषय मिळाला. मुनाफ गावच्या हसण्याकडे कानाडोळा करून शिकत राहिला. एकसष्टाव्या वर्षी, आपल्याच धंद्यात, पहिलीपासून. आधी नवं फनेल, नवी बादली, नवी नळी. घरातल्या ज्या खोलीत सेल मांडले तिथं तेजाब लागलेली एकही वस्तू येता कामा नये असा त्यानं नियम केला, आणि मदिनालाही चप्पल बाहेर काढायला लावली. "दर्ग्यात पण एवढं सोवळं नसतं," ती म्हणाली. एकेक सेल बल्ब लावून पार उपाशी ठेवायचा, मग वायरीनं दोन्ही टोकं जोडून पूर्ण निजवायचा, जुनं पाणी काढून पोटॅशचं ताजं भरायचं, आणि मग अगदी धिम्या धारेनं, दोन-दोन दिवस, चार्ज करायचं. पोटॅश बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि मग कातडी सोलतं. त्याच्या दहाही बोटांची सालं गेली. शिसं कधी असं छळत नाही. पण शिसं उपाशी ठेवलं की मरतं, आणि ही जात एकोणतीस वर्षं खोपटात उपाशी पडून, उंदरांच्या लेंड्यांखाली गाडून, तोंडात पाणी टाकल्यावर उठून बसली. पहिला उठला तो अकरा नंबर. मग चार. मग रोज एक. श्रावणातल्या एका दुपारी अठरावा बल्ब पेटला तेव्हा मुनाफ स्टुलावर बसून राहिला आणि त्याला रडू आलं. मदिनानं स्वतःची चप्पल दाराबाहेर नीट लावली आणि आत येऊन दिवे मोजले.

"पण पहिल्यांदा मी बसणार," त्यानं लक्ष्याला बजावलं होतं. लक्ष्या भांडला. पाणबुडी त्याची, तलाव त्याचा, पोहायला येतं ते त्याला. मुनाफ हटला नाही. कारण त्यानं सांगितलं नाही, पण ज्याला मेला म्हणून सोडून आलो त्याच्याच खांद्यावर आपला जीव ठेवून बघायचा, एवढं साधं ते होतं. त्याशिवाय त्याला झोप लागणार नव्हती.

तेवढ्यात धक्का बसला. फार मोठा नाही. बैलगाडीचं चाक दगडावर चढावं तेवढा. पाणबुडी थांबली. मोटर गुरगुरत होती, पातं फिरत होतं, खिडकीबाहेरचं पाणी मात्र जागचं हलेना. मुनाफनं मोटर उलटी लावली, पुन्हा सुलटी. शेपटी कशाला तरी बांधल्यासारखी नुसती डावी-उजवी झाली, आणि त्याच्या लक्षात आलं. तलाव व्हायच्या आधी इथं ऐनाची झाडं होती, त्यांची खोडं अजून तळाशी उभी होती, आणि दोर त्यातल्या एकाला वळसा घालून बसला होता. त्यानं तीन हिसके दिले. वरून लक्ष्या ओढत असणार, पण त्याची ओढ खोडाशीच संपत होती. म्हणजे आता दोर तारणारा नव्हता, धरून ठेवणारा होता. पंप लावला तरी तोंड वर होईल आणि शेपूट तळाशी, फासाला बांधल्यासारखी. दोर सोडायचा एक दांडा लक्ष्यानं पायाशी बसवला होता, उद्या-परवाच्या मोकळ्या फेरीसाठी. तो ओढला की दोर सुटेल, आणि मग या पाण्यात मुनाफला वर नेणारं दुसरं काहीच उरणार नाही, या अठरांशिवाय.

त्यानं मीटरकडे बघितलं. व्होल्टचा काटा बावीसवर होता. मघापासून बावीसवरच होता. चढाला नाही, उताराला नाही, पाणबुडी अडकून मोटर तडफडली तेव्हा जरासा दबला आणि परत बावीस. शिशाची बॅटरी असती तर काटा पायरी पायरीनं उतरला असता. शिसं सांगून सवरून मरतं, माणसाला आवराआवरीला वेळ देतं. ही जात शेवटपर्यंत ताठ उभी राहते आणि मग एकदम बसते, हे त्यानंच पावसाळ्यात मोजून पाहिलं होतं. न हलणाऱ्या काट्याकडे बघत मुनाफ तीन पुरुष पाण्याखाली बसला होता आणि त्याला त्या वसतिगृहातली संध्याकाळ दिसत होती. तेव्हाही काटा हलत नव्हता आणि त्यानं बघून सांगितलं होतं, मेल्या. तेव्हा त्या भरलेल्या होत्या. सबंध दिवस पोटभर चार्जिंग खाऊन, गच्च भरून, त्याच्यासमोर गप्प उभ्या होत्या. त्यांना आपलं म्हणणं काट्यातून सांगता येत नव्हतं आणि त्याला दुसरी भाषा येत नव्हती. चाळीस मिनिटांची हवा होती, त्यातली सतरा गेली होती. त्यानं हिशेब मांडला, काट्याचा नव्हे, खर्चाचा: मोटरनं किती ओढलं, किती मिनिटं, दिव्यानं किती. शंभरातले पंधरा गेले असतील. मग पंच्याऐंशी आहेत. दिसत नसले तरी आहेत. "बिस्मिल्ला," तो म्हणाला, आणि पायानं दांडा ओढला.

दोर सुटल्याचं काही ऐकू आलं नाही. त्यानं मोटर लावली आणि पाणबुडी दावं तुटलेल्या वासरासारखी पुढं निघाली. पाठीत तो कंप परत आला, अठराच्या अठरा अंगांचा, एकसारखा. मुनाफच्या तोंडून हसू फुटलं आणि लोखंडावर आपटून चारी बाजूंनी परत आलं. आता पंप लावून सरळ वर जायचं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं लावला नाही. त्यानं दिवा पुढं केला आणि तळाशी पडलेल्या एका सरळ काळ्या रेघेवरून पाणबुडी न्यायला लागला. भाताच्या खाचराचा बांध होता तो, इतकी वर्षं पाण्याखाली राहूनही कुणीतरी दोरी लावून घातल्यासारखा. बांधावरून तो गेला, वळला, परत आला. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे, डावीकडे म्हटलं की डावीकडे. आयुष्यात त्यानं हजार गाड्या चालू करून दिल्या होत्या, दुसऱ्यांच्या. एकीतही बसून तो कुठं गेला नव्हता. छाती भरून आली होती, आणि ती हवेची कमतरता नव्हती. "चला रे," तो सेलांना म्हणाला, पोरांना म्हणावं तसं, आणि पंपाचा खटका वर केला. पंप धडधडला. टाक्यांतलं पाणी बाहेर पडायला लागलं, खिडकीतलं शेवाळी पाणी आधी हिरवं झालं, मग पिवळं, मग त्यात ऊन आलं.

झाकण उघडलं तेव्हा पहिलं कानावर आलं ते काहीच नाही. काठावर अख्खा पाडा उभा होता. तराफ्यावर लक्ष्या कमरेपर्यंत भिजलेला, हातात तुटलेल्या दोराचा नुसता तुकडा, आणि चेहरा असा की मुनाफला त्याच्याकडे बघवेना. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की वर काय झालं असेल. मदिना पाण्यात घोट्यापर्यंत उतरून उभी होती, हातातली तसबीहची माळ थांबलेली. "रस्सी आली," ती म्हणाली, "तुम्ही नाही आलात." दोर वर आल्याला आठ मिनिटं झाली होती. मुनाफनं मान खाली घातली. मग लक्ष्यानं तराफा जवळ आणून त्याला बगलेत धरून बाहेर ओढलं, आणि धरलेला हात सोडलाच नाही, आणि काठावर कुणीतरी शिट्टी मारली, मग सगळे एकदम ओरडायला लागले. लक्ष्याची आई सुकरी पुढं आली आणि तिनं मुनाफच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला.

"थांबा," मुनाफ म्हणाला. आखडलेल्या पायांवर तो सावकाश उभा राहिला. "हे सेल शाळेतले. मी मेले म्हटलं होतं. मेले नव्हते. मला बघता आलं नाही." काठावरची निम्मी माणसं त्याच वसतिगृहात वाढलेली होती. त्यांच्यातला एक जण, केस पिकायला लागलेला, खाली बघून म्हणाला, "अठरा का, चाचा? वीस हुत्या." त्यानं तेव्हा मोजल्या होत्या. "दोन मी मारल्या," मुनाफ म्हणाला, "माझ्या हातानं." त्या माणसानं मान हलवली. माफ केलं असं नव्हे, ऐकलं, असं. मुनाफला ते पुरलं. एकोणतीस वर्षांनी कुणीतरी ऐकलं तरी.

लक्ष्यानं तोवर शर्ट काढला होता. "आता मी," तो म्हणाला. दोर तर ओढताओढता तुटून अर्धा खोडातच राहिला होता. दुसरा आणायचा म्हणजे मोखाड्याचा बाजार, आणि बाजार परवा. त्याला थांबायचं नव्हतं, हे त्याच्या हातांवरून दिसत होतं. आठवीपासून थांबलेले हात ते. त्यानं काही विचारलं नाही. विचारलं सुकरीनं. ती मुनाफच्या समोर येऊन उभी राहिली, नाचणीच्या मळणीवरून तशीच आलेली, केसांत भुसा. "मुनाफभाय, तू सांग. माझे पोराला बिनदोरीचा धाडू का?"

स्वतः बसणं सोपं होतं, हे मुनाफला आत्ता कळलं. स्वतःचा जीव लावताना माणूस शहाणपणाशी थोडी लबाडी करू शकतो. इथं हातात नळी नव्हती, दाखवायला काटा नव्हता, आणि समोर एक आई होती जी त्याच्या शब्दावर ठरवणार होती, जसं सगळेच ठरवत आले होते. त्यानं डोळे मिटून पुन्हा बेरीज केली. मोटर पंचवीस मिनिटं. दिवा पंचवीस. पंप सहा. एक चूक काढली, दुरुस्त केली, परत पहिल्यापासून. वेळ लागला, कुणी घाई केली नाही.

"झाकण उघडं ठेवून आत नवी हवा खेळू दे, थोडा वेळ," तो म्हणाला. "मग धाड. वीस मिनिटं. शंभरातले सत्तर आहेत अजून."

सुकरीनं पोराकडे बघितलं आणि मान हलवली. हवा खेळली, झाकण बसलं, टाक्यांत पाणी भरलं, आणि पाणबुडी खाली गेली. थोडा वेळ नुसते बुडबुडे. मग पाण्याच्या पोटात पिवळा उजेड पेटला. तो हळूच हलला, बांधाच्या रेघेवर आला, आणि पलीकडे निघाला, ऐनाच्या खोडांना टाळून, तलावाच्या मधल्या खोल पाण्याकडे, जिथं दोर कधीच पोचला नसता. काठावरची माणसं त्या उजेडाबरोबर काठाकाठानं चालायला लागली. मुनाफही चालत होता, अनवाणी, चिखलातून, मदिनाचा हात धरून, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "चालतायत. अठराच्या अठरा."